दोन खुंट्या



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं सगळे धरून चालतात. आज मी शिकारीवर आणि मासेमारीवर बोलणार आहे. याचं कारण आमच्या गावच्या घरातल्या दोन खुंट्या. माजघराच्या भिंतीत एका ओळीत ठोकलेल्या शिसवी खुंट्या. एकीवर पाग टांगलेला असायचा, दुसरीवर ठासणीची बंदूक. आज त्यांतली एक खुंटी रिकामी आहे. ती रिकामी कशी झाली, हे सांगायचं आहे.

माझं गाव चिपळूण आणि दाभोळच्या मधे, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. समोर खाडी, पाठीला डोंगर. आमची वाडी मुसलमानांची, तिला लागून कुणब्यांची आणि पाण्याच्या अंगाला भोयांची. कोकणातल्या इतर नद्या होळीनंतर आटत जातात. वाशिष्ठीचं तसं नाही. घाटावरच्या कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून बाहेर पडतं आणि वाशिष्ठीत येतं. त्यामुळे ऐन वैशाखातही आमच्या नदीला पाणी असतं, आणि जिथं पाणी तिथं मासा.

आधी पागाचं सांगतो. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. कडेला शिशाचे मणी ओवलेले, मधे दोरी. फेकणारा जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतो, एक हातात धरतो, कडेचा एक मणी दातांत पकडतो आणि कमरेतून वळून सोडून देतो. सुटलेला पाग हवेत ताटासारखा उघडला पाहिजे. तो वाकडातिकडा पडला, तर आवाजाने मासा पळाला समजा. मला पाग टाकायला माझ्या चाचांनी शिकवलं, आणि तेही पाण्यात नाही. आमच्या खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर, मी पावसाळ्याचे दोन महिने कोरडाच पाग फेकत होतो. चाचांनी खळ्यात एक नारळाची करवंटी ठेवलेली असायची. ती पागाच्या मध्यावर आली तरच ‘हां’ म्हणायचे. दात शिवशिवायचे. शिशाची चव अजून जिभेवर आहे.

तेव्हा नायलॉन गावात येऊन पोचलं होतं, तरी चाचांचा पाग सुताचाच होता. ऐनाच्या सालीच्या काढ्यात तो बुडवून ठेवायचे, म्हणजे सूत कुजत नसे. घरात त्या काढ्याचा एक तुरट वास असायचा. पाग भोयांच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी विणलेला होता. फाटला की तेच शिवायचे, आणि मजुरी म्हणून पहिल्या फेकीतली बोय त्यांच्या घरी जायची.

मासे धरायचे तर पाण्याची वेळ कळली पाहिजे. गावात घड्याळं मोजकी होती. भोयांच्या घरात तिथी पाहत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. आमच्याकडे पंचांग नव्हतं, पण चांद होता. आज कितवा चांद, हे दादीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगायची. चांद आणि तिथी यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो, तेवढा सांभाळला की हिशेब एकच. मुखाशी भरती आली की वर आमच्या गावापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागायचा, तोही धरायचा. एका पाण्यावर दोन समाजांची दोन कॅलेंडरं चालायची आणि मासा दोघांनाही एकाच वेळी मिळायचा. लहानपणी यात काही विशेष आहे, असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं.

सुकती लागली की चिखलात चिंबोऱ्या. खडकावर बायका कालवं फोडत बसायच्या. भरतीला बोय, पालू, शेंगटी, कधी नशीब असेल तर तांबोशी. चाचांचा एक नियम होता. मुठीपेक्षा लहान चिंबोरी परत पाण्यात, आणि पोटाखाली अंडी असलेली मादीही परत. मी एकदा विचारलं, ‘कुणी बघत तर नाही, मग काय झालं?’ चाचा म्हणाले, ‘पुढच्या साली तूच येणार आहेस ना रे इथं? मग तूच बघतोस.’

हा नियम मोडणारा एक दिवस मात्र वर्षात असायचा आणि तो सगळ्यांच्या आवडीचा होता. चढणीचे मासे! मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, पऱ्हे वाहू लागले, की नदीतले मासे उलट्या धारेने वर चढतात. शेतांच्या बांधांवरून, पायरी पायरीने उड्या मारत. अंडी घालायला शेताच्या उथळ पाण्यात जातात. सगळं गाव टोपल्या, पाग, मच्छरदाण्या, काही नसेल तर लुंगी घेऊन पऱ्ह्यावर. रात्री बत्त्यांचा उजेड, पावसात भिजलेली माणसं, आरडाओरडा. त्या रात्री कुणाची वाडी कुठली, याचा पत्ता नसायचा. त्या माशांची चव मी विसरलेलो नाही आणि खोटं बोलणार नाही, ते पोटभर अंड्यांचे मासे होते म्हणूनच ती चव होती. समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात ती याच कारणाने. जून-जुलै हा माशांच्या विणीचा काळ. यांत्रिक होड्यांना सरकारची बंदी असते आणि कोळी, दालदी, खारवी हे सगळेच आधीपासून त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत आले. पण पऱ्ह्यावर कुणाचा पहारा? आम्हीच खात होतो, आम्हीच कमी करत होतो. टोपल्यांनी धरत होतो तोवर ते निभावलं. नंतर टोपलीच्या जागी ब्लीचिंग पावडर आली. पूर्वी डोहात गेळफळं ठेचून टाकत, त्याने मासा गुंगत असे, पण तो एका डोहापुरता खेळ होता. ब्लीचिंगने आख्खा पऱ्हा पांढरा होतो. मासा मरतो, बेडूक मरतो, पाण्यातला किडा मरतो. पुढच्या साली चढायला कुणी उरत नाही.

खाडीचंही तसंच. नव्वदच्या दशकातली एक सकाळ आठवते. मी सुट्टीवर आलो होतो. फजरच्या नमाजानंतर माणसं खाडीकडे पळताना दिसली. पाण्यावर मासे उताणे तरंगत होते, लहान-मोठे, हजारांनी. वरच्या अंगाने काहीतरी सोडलं गेलं होतं. कुणी सोडलं, याची चर्चा पुढे बरीच झाली, पण निष्पन्न काही झालं नाही. भोयांच्या वाडीतले ते पाग विणणारे काका काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला आणि पुन्हा पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. त्यांच्या वाडीतले तरुण त्यानंतर एकेक करून मुंबईला गेले.

आता दुसरी खुंटी.

बंदूक माझ्या आजोबांची. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. नळीत दारू भरायची, गजाने ठासायची, वर छर्रे, मागे केप. एक बार काढला की दुसऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून. म्हणून शिकाऱ्याला एकच संधी असायची आणि तो ती जपून वापरायचा. आजोबांनंतर परवाना चाचांच्या नावावर झाला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आमच्या वाडीला तो समजायला पुढची दहा वर्षं लागली. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडे रान उठवायचे. कुणब्यांचे वीस-पंचवीस गडी डबे, ढोल घेऊन डोंगराच्या एका अंगाने हाकारत यायचे, कुत्री पुढे. दुसऱ्या अंगाला जनावराच्या वाटेवर चाचा बंदूक घेऊन बसायचे. डुक्कर पडलं तर ते सगळं कुणबीवाडीत जायचं, आमच्या घराकडे त्याची वाटसुद्धा नसायची. मारणारा आमचा, खाणारे ते, आणि वाचलेलं भात दोघांचं. भेकर किंवा ससा उठला तर मात्र बार झाल्याबरोबर एक माणूस सुरी घेऊन धावायचा. जनावराचा जीव जायच्या आत बिस्मिल्ला करून ते हलाल व्हायला हवं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, कुणबी गडी आधी पोचले तरी हात न लावता थांबायचे. ‘चाचा, लवकर या,’ अशा हाका मारायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्याशिवाय आमच्या वाट्याचं आम्हाला खाता येणार नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मग वाटे पडायचे. बंदूकवाल्याचा एक वाटा जास्त. हाकाऱ्यांचे सारखे. कुत्र्यांचा वेगळा. ज्या घरातला कर्ता आजारी असेल, त्या घरचाही एक. मी बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा रानात गेलो, तेव्हा मलाही पूर्ण वाटा मिळाला. तो हातात धरून घरी आलो आणि रात्री जेवलो नाही. त्या भेकराचा डोळा उघडा होता आणि त्यात वरचं झाड दिसत होतं. दादी म्हणाली, ‘हा पोरगा शिकारी व्हायचा नाही.’ ती बरोबर होती.

आमच्या दर्ग्यापाशी एक जुना वड आहे. त्याला फळं धरली की हरियालांचे थवे उतरायचे. पिवळसर हिरवा पक्षी, पानांत बसला की दिसतच नाही. वडाखाली उभं राहून नुसतं वर बघायचं. एखादं पान हललं की तो पक्षी. चाचांनी कितीतरी हरियाल पाडले. पुढे शाळेत गुरुजींनी सांगितलं, की हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. मी घरी येऊन चाचांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘सरकारला उशिरा आवडला.’

पक्ष्यांचा विषय निघाला की मला डॉ. सालिम अली आठवतात. मुंबईतल्या शिकारी घरातलं हे मूल. मामांनी दिलेली छऱ्यांची बंदूक हातात, आणि चिमण्या मारायचा नाद. एके दिवशी पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच्या कपाटं उघडून दाखवली, आणि भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला. पुढे १९३० साली याच सालिम अलींनी आमच्या कोकणातल्या किहीमला बसून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलं. मला या गोष्टीत आवडतं ते हे, की त्यांनी आपला शिकारीचा नाद लपवला नाही. निरखून पाहायला शिकारी जितका शिकतो, तितका क्वचितच कुणी शिकतो. पाहून झाल्यावर बोट चापाकडे जातं की वहीकडे, एवढाच फरक.

चाचा हजला जहाजाने गेले होते. एहराम बांधलेला असताना जमिनीवरची शिकार मना असते. पाण्यातल्या शिकारीला मुभा असते. परत आल्यावर चाचा म्हणाले, ‘तिथं डास मारतानाही हात आखडायचा. मग सवय झाली.’ त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांनी शेवटचं रान उठवलं. सकाळपासून मावळतीपर्यंत हाकारा चालला. काही उठलं नाही. एक ससाही नाही. चाचांनी नळीतली दारू हवेत बार काढून रिकामी केली, बंदूक पुसली आणि खुंटीला टांगली. नंतर ती खाली यायची ती निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करायला, आणि आश्विनात भाताच्या राखणीला नुसता आवाज काढायला. पाग मात्र ते सत्तरी ओलांडेपर्यंत टाकत होते.

२०२२ च्या पावसाळ्यात चाचा गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. बंदूक ठाण्यात जमा झाली आणि पुतण्यांत मी थोरला म्हणून मला विचारणा झाली, की पुढे काय करायचं? परवाना वारसाच्या नावे करून घ्यायचा, की बंदूक कायमची देऊन टाकायची?

मला विचार करायची गरजच वाटली नाही. मी कविता लिहिणारा माणूस. बीए झालो, मुंबईत नोकरीत आयुष्य गेलं. देऊन टाकतो म्हणालो. मनात थोडा अभिमानही होता, की आपल्या घरातलं एक हत्यार आपण कमी करतोय. तसं शेजारच्या कुणबी काकांना सांगितलंही. ते ऐंशीच्या घरातले, चाचांच्या हाकाऱ्यांतले शेवटचे. ते म्हणाले, ‘चांगलं हाय. पण बाबा, तुझी कविता माझं भात राखील का?’

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘आज रातच्याला ये माझ्यासंगती.’

श्रोतेहो, त्या रात्री मी काकांबरोबर त्यांच्या शेतातल्या मांडवावर बसलो. भात कापणीला आलं होतं. आमच्याकडे एक पत्र्याचा डबा, एक बॅटरी आणि चार सुतळी बॉम्ब. मध्यरात्र उलटल्यावर ती आली. आधी फुरफुर ऐकू आली, मग लोंब्या ओरबाडल्याचा आवाज. बॅटरी टाकली तर सहा-सात पाठी. काकांनी डबा बडवला. डुकरं शेताच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली आणि तिथं खाऊ लागली. बॉम्ब लावला, तेव्हा बांधापलीकडे झाली आणि पाऊण तासाने परत आली. पहाटे पाहिलं तर शेताचा निम्मा भाग लोळवल्यासारखा आडवा. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. नुकसानभरपाई असते, पण त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो, तोपर्यंत पडलेलं भात तसंच ठेवायचं. काका वाकून चिखलातल्या लोंब्या वेचू लागले. मीही वेचू लागलो. दोघांचं मिळून एक सूप भरलं.

जे रान चाचांच्या वेळी दिवसभर हाकारून रिकामं निघालं, त्यातून आता कळपांनी डुकरं कशी येतात? उत्तर काकांनीच दिलं. पूर्वी डोंगराच्या उतारावर नाचणी, वरी व्हायची. माणसांचा वावर होता, राखण होती. मग घरटी एक माणूस मुंबईला, आमच्या वाडीतला कुवेतला, दुबईला. वरकस जमिनी पडीक राहिल्या. करवंदीच्या जाळ्या घराच्या मागच्या दारापर्यंत आल्या. डुकराला लपायला तीच जागा लागते, आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. भेकराला मोठं, शांत रान लागतं, ते काही परत आलं नाही. म्हणजे रान वाढलं असं नव्हे, शेती मागे हटली. आणि मागे हटणाऱ्यांत पहिला मी होतो. माझ्या वाट्याची तीन शेतं वीस वर्षं पडीक आहेत. काकांच्या भातात उतरणारी डुकरं दिवसा माझ्या करवंदीत झोपतात.

हे कळल्यावर बंदूक देऊन टाकण्यातला माझा अभिमान गेला. माझा एक चुलतभाऊ कुवेतहून परतून गावीच शेती करतो. परवाना त्याच्या नावे व्हावा म्हणून मी ना हरकत लिहून दिली. बऱ्याच फेऱ्यांनंतर परवाना झाला. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी, हे मी त्याला दोनदा बजावलं. आजवर त्याने एकही जनावर पाडलेलं नाही. आश्विनात रात्री एखादा बार हवेत निघतो, आणि काका म्हणतात, त्याने दोन रात्री तरी सुखाच्या जातात. बंदूक आता त्याच्या घरी असते, म्हणून आमची ती खुंटी रिकामी.

मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण एक गोष्ट मी त्यासोबत केली. माझ्या एका शेतातली करवंदी तोडून गेल्या दोन वर्षांपासून चुलतभावाला ते कसायला दिलं. एकच शेत आहे. काकांच्या शेताला लागून असलेलं.

पहिल्या खुंटीवर पाग अजून आहे. नायलॉनचा, नवा. मे महिन्यात माझा नातू येतो. तो सात वर्षांचा आहे. खळ्यात आता फरशी आहे, तरी मी तिच्यावर नारळाची करवंटी ठेवतो. पहिल्या दिवशी त्याचा पाग दोरीच्या गुंडाळ्यासारखा पडला. चौथ्या दिवशी थोडा उघडला. शिशाचा मणी मी त्याला दातांत धरू देत नाही, शिसं पोटात जाऊ नये हे आता आपल्याला कळतं. त्यासाठी एक लाकडी मणी बांधून दिला आहे. गेल्या मेमध्ये आम्ही सुकतीला खाली गेलो. अर्धा दिवस घालवून तीन बोयी आणि एक चिंबोरी मिळाली. चिंबोरी त्याच्या मुठीपेक्षा मोठी होती, माझ्या मुठीपेक्षा लहान.

‘कुणाची मूठ धरायची?’ त्याने विचारलं.

मी माझी धरायला सांगितली. त्याने चिंबोरी चिखलावर सोडली आणि ती तिरकी तिरकी पाण्यात जाईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)